कळा सुरू झाल्या, हे घरधन्याने कसे ओळखावे?

बाळंतपण हे बायकांचे खाते, पुरुषाने त्यात डोके घालू नये, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. सासू, आई, शेजारची एखादी अनुभवी आजी असली की नवऱ्याचे काम उरते ते रिक्षा आणण्याचे आणि बाहेर बाकावर बसण्याचे. घरे एकत्र होती तोवर हे चालूनही गेले असेल. आज चाळीत, झोपडपट्टीत, भाड्याच्या एका खोलीत नवरा-बायको दोघेच राहतात. सासूला गावची शेळ्या-कोंबड्यांची धावपळ सोडून महिनाभर येता येत नाही, आई दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणात अडकलेली असते. रात्री दोन वाजता बायकोने हलवून उठवले आणि म्हटले, “अहो, मला कसेतरीच होतेय,” तर त्या खोलीत ऐकणारा माणूस एकच असतो. म्हणून आजचा लेख आम्ही मुद्दाम बंधूंसाठी लिहीत आहोत. भगिनींनी तो वाचावाच, आणि वाचून झाल्यावर नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवून द्यावा.

आम्ही डॉक्टर नव्हे. दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज, दाखले, दवाखाने, हेच आमचे काम. पण या कामात कितीतरी वेळा रात्री-अपरात्री प्रसूतिगृहाच्या दारात उभे राहावे लागले, आणि तेथे डॉक्टर व नर्सबाई जे प्रश्न हटकून विचारतात, त्यांची उत्तरे बहुतेक नवऱ्यांकडे नसतात हे पाहिले. तेच प्रश्न आणि त्यामागची कारणे येथे मांडतो.

आधी तारखेचा हिशेब. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेली तारीख निघते. म्हणजे १० जानेवारीला शेवटची पाळी आली असेल तर १७ ऑक्टोबर. हे होतात २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. पण ही तारीख पगाराच्या तारखेसारखी पक्की नसते. नेमक्या त्या दिवशी बाळंत होणाऱ्या बायका फार थोड्या. ३७ आठवडे पूर्ण झाले, म्हणजे वरच्या उदाहरणात २६ सप्टेंबर उजाडला, की पुढे केव्हाही कळा येऊ शकतात असे धरून चालावे आणि त्याआधीच सगळी तयारी करून ठेवावी. तारीख उलटून गेली आणि कळांचा पत्ता नाही, तर “येतील आपोआप” म्हणत बसू नये. दवाखान्यात दाखवून पुढे काय करायचे ते विचारावे.

शरीर काही दिवस अगोदरपासून खुणा देऊ लागते. पहिलटकरणीचे पोट दोन-चार आठवडे आधी खाली उतरते. छातीखालचा भार कमी झाल्याने तिला श्वास मोकळा येतो, दोन घास जास्त जातात, पण लघवीला मात्र सारखे जावे लागते आणि चालणे बदकासारखे होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पोट कधीकधी ऐन कळांच्या वेळीच उतरते. कंबर धरते, मांड्या भरून येतात, कोणाला एक-दोन वेळा पातळ जुलाब होतात. या खुणा दिसल्या की लगेच दवाखाना गाठायचा नसतो. पण रात्रपाळी बदलून मिळत असेल तर ती याच वेळी मागावी.

खऱ्या कळा, खोट्या कळा

सर्वात जास्त घोळ येथे होतो. शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून कडक होते आणि सुटते. त्या खोट्या कळा. गर्भपिशवी जणू तालीम करते म्हणा. त्यांना ताळतंत्र नसतो. एक आली, मग वीस मिनिटांनी दुसरी, मग तासभर काहीच नाही. बाई उठून दोन फेऱ्या मारते, तांब्याभर पाणी पिते, कुशीवर पडते, की त्या थांबतात. दुखणे बहुधा ओटीपोटात, समोरच्या बाजूला असते.

खरी कळ पुष्कळदा कंबरेतून निघते आणि पट्टा आवळावा तशी पुढे ओटीपोटात येते. चालल्याने थांबत नाही, पडल्याने थांबत नाही. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी. अंतर कमी होत जाते, कळ जास्त वेळ टिकते आणि जोर वाढतो. एक साधी परीक्षा सांगतो. कळ चालू असताना बाई बोलू शकते का पाहा. सुरुवातीच्या कळांत ती “भाताचा कुकर बंद करा” असे सांगते. कळा पक्क्या झाल्या की बोलणे मध्येच तुटते, ती भिंत किंवा खाटेची कड धरते आणि कळ गेल्यावरच बोलते.

आणखी एक. बायकोच्या पोटावर हलक्या हाताने तळवा ठेवा. एरवी पोट नाकाच्या शेंड्यासारखे दबते. खरी कळ भरात आली की ते कपाळासारखे टणक लागते आणि कळ ओसरली की परत मऊ होते. दोन कळांच्या मध्ये पोट मऊ पडलेच पाहिजे. ते सारखेच दगडासारखे टणक राहिले आणि दुखणे थांबतच नसेल, तर ते साधे लक्षण नव्हे, ताबडतोब निघावे.

आता कळा मोजायच्या. यात आमच्यासारख्या कारकुनाला अवघड काही नाही, कोणालाच नाही. कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात कळ किती वाजता सुरू झाली ते, दुसऱ्यात ती किती सेकंद राहिली ते. अंतर मोजायचे ते एक कळ सुरू झाल्यापासून पुढची कळ सुरू होईपर्यंत. कळ संपल्यापासून मोजले तर हिशेब चुकतो. समजा १०.०५, १०.२०, १०.३३, १०.४५ अशा नोंदी आल्या, तर अंतर पंधरा, तेरा, बारा मिनिटे होत चालले. कळा खऱ्या असाव्यात. उलट १०.०५, १०.१२, १०.४०, ११.२५ असे आले तर आज रात्री बहुधा झोप मिळेल.

पहिले बाळंतपण असेल, सर्व तपासण्या नीट असतील आणि दवाखाना जवळ असेल, तर दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ जवळजवळ एक मिनिट, आणि असे तासभर चालले की निघावे. पहिलटकरणीला बारा तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. म्हणून पहिल्या कळेलाच घाबरून धावण्याचे कारण नाही. पण दुसरे-तिसरे बाळंतपण असेल तर हा हिशेब लावू नये. तेथे काम झपाट्याने होते, दहा मिनिटांच्या नियमित कळा सुरू झाल्या की निघावे. दवाखाना लांब असेल, घाट किंवा नदी आड असेल, पावसाचे दिवस असतील, तर त्याहीपेक्षा लवकर. आणि मागचे बाळंतपण सिझरचे असेल, जुळे असेल, मूल पायाळू किंवा आडवे असल्याचे सोनोग्राफीत सांगितले असेल, रक्तदाब असेल, अंगात रक्त कमी असेल, तर पहिली खरी कळ हाच निघण्याचा इशारा. तेथे मोजत बसू नये.

कधी असे होते की दवाखान्यात गेल्यावर नर्सबाई तपासून सांगतात, “अजून वेळ आहे, घरी जा.” नवऱ्याला वाटते आपल्याला हाकलले. वेळ आहे म्हणजे गर्भाशयाचे तोंड अजून पुरेसे उघडलेले नाही. ते दहा सेंटिमीटर उघडेपर्यंत वेळ लागतो. अशा वेळी भांडू नये, पण गप्पही बसू नये. तोंड किती उघडले, बाळाचे ठोके ठीक आहेत का, परत केव्हा यायचे, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. घर लांब असेल तर तसे स्पष्ट सांगून आवारातच थांबण्याची परवानगी मागावी. आणि पुन्हा यायला लाजू नये. “एकदा परत पाठवले, आता काय तोंडाने जायचे,” असे म्हणत घरीच कुढत राहिलेल्या बायका आम्हाला माहीत आहेत.

लाल जाणे आणि पाणी जाणे

कळांच्या आधी किंवा कळांबरोबर अंगावरून चिकट, शेंबडासारखा स्राव जातो. त्यात रक्ताची रेघ, गुलाबी किंवा तपकिरी रंग असतो. गर्भाशयाच्या तोंडाशी बसलेले बूच सुटले असा त्याचा अर्थ. यानंतर काही तासांत कळा येतात, कधी दोन-चार दिवसही जातात. घाबरू नये, पण लक्ष ठेवावे. मात्र पाळीसारखे किंवा त्याहून जास्त लाल रक्त गेले, गाठी पडल्या, तर ते बूच नव्हे. दुखत असो वा नसो, त्या क्षणी गाडी बोलवावी.

पाणमोट फुटणे सिनेमात दाखवतात तसे धो धो असतेच असे नाही. पुष्कळ वेळा नुसते ठिबकत राहते आणि बाईला वाटते लघवी सुटली. लाजेपोटी ती सांगत नाही. लघवी रोखता येते, हे पाणी रोखता येत नाही. त्याला लघवीचा उग्र वासही नसतो. शंका आली तर स्वच्छ, पांढरा सुती कपडा लावून अर्ध्या-एक तासाने पाहावा. पाणी गेल्याचे कळले की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवावी आणि कळा नसल्या तरी दवाखाना गाठावा. कारण पिशवी फुटली की जंतूंना आत जायला वाट मिळते. जितका वेळ जाईल तितका आईला आणि बाळाला ताप येण्याचा, विष पसरण्याचा धोका. यानंतर टबात बसणे, संबंध ठेवणे, कोणी अनुभवी बाईने हात घालून “बघणे”, सगळे बंद.

आणि पाण्याचा रंग पाहावा. स्वच्छ किंवा किंचित पांढुरके असेल तर ठीक. हिरवे, पिवळट-तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केली आहे, त्याला त्रास होत असू शकतो. ही गोष्ट पुरुषाला माहीत असती तर काय झाले असते, याचे एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. नवरा सुरक्षारक्षक, बारा तासांची रात्रपाळी. बायको दुसऱ्या खेपेची, नववा महिना पूर्ण. संध्याकाळी पाणी गेले, हिरवट होते. तिने शेजारच्या म्हातारीला दाखवले, ती म्हणाली, “होतं गं असं, कळा येऊ देत.” नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने पाणी गेल्याचे त्याला सांगितले. त्याने विचारले, “दुखतेय का?” ती म्हणाली, “नाही.” तो म्हणाला, “मग सकाळी जाऊ.” दोघांचेही वागणे प्रेमाचेच होते. सकाळी दवाखान्यात पोहोचल्यावर बाळाचे ठोके लागले नाहीत. संध्याकाळीच गेले असते तर नक्की वाचले असते, असे कोणी सांगू शकत नाही. पण डॉक्टरांच्या हाती बारा तास असते. तो भाऊ आजही भेटला की एकच वाक्य बोलतो, “साहेब, रंगाचं मला कोणी सांगितलंच नव्हतं.” त्याच्या परवानगीने हे लिहिले आहे.

पाण्याबरोबर नाळेचा वेढा बाहेर दिसला किंवा हाताला दोरीसारखे काही लागले, तर तो मोठा धोका. बाईला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर वर उचलून ओणवे करावे, म्हणजे बाळाचा भार नाळेवर पडत नाही. नाळेला हात लावू नये, आत ढकलू नये. त्याच स्थितीत गाडी येईपर्यंत ठेवावे.

कळांची वाट न पाहता निघायच्या आणखी काही गोष्टी आहेत. कपाळ फुटेल असे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणारे ठिपके, तोंडावर आणि हातांवर सूज, छातीखाली दुखणे. ही रक्तदाबाची लक्षणे असतात आणि पुढे झटके येऊ शकतात. झटका आला तर त्याला भूतबाधा समजून अंगारा लावणारे लोक अजूनही भेटतात. बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नका आणि गाडी बोलवा. तसेच थंडी वाजून ताप आला तरी निघावे. आणि ३७ आठवडे भरण्याआधीच कळा किंवा पाणी सुरू झाले तर “खोट्या असतील” म्हणून थांबू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने देता येतात, पण त्यासाठी ती वेळेवर पोहोचायला हवी.

बाळाच्या हालचालीबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. दिवस भरले की बाळ शांत होते, असे जाणत्या बायकाही सांगतात. हे खरे नाही. हालचालीची तऱ्हा थोडी बदलते, पण बाळ शेवटपर्यंत हलत राहते, कळांच्या मधल्या वेळेतसुद्धा. रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली तर बायकोने काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर शांत पडावे आणि लक्ष द्यावे. तरी शंका वाटली तर त्याच दिवशी ठोके तपासून घ्यावेत. रोज झोपताना नवऱ्याने “आज बाळ नीट हलले का?” एवढे विचारले तरी पुरे. विचारणारा असला की बाई लक्ष ठेवते.

घरी काय करावे, काय करू नये

कळा पक्क्या होईपर्यंतचे तास घरात जातात. या वेळी बाईला चालू-फिरू द्यावे, पेज, चहा, पाणी घोट घोट द्यावे, दर दोन तासांनी लघवीला पाठवावे. सिझरची शक्यता सांगितलेली असेल तर खाण्याचे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. कळ आली की कंबरेच्या खालच्या बाजूला तळव्याने दाबून धरावे. बऱ्याच बायकांना याने उतार पडतो. पाठीवर उताणे झोपवू नये. तिला कळ आली की “ओरडू नकोस, शेजारी ऐकतील” हे वाक्य तोंडातून काढू नये.

एरंडेल पाजून कळा वाढवणे, पोट दाबणे, वेळेआधी “जोर लाव” म्हणून ओरडणे, हे प्रकार थांबले पाहिजेत. सर्वात भयंकर म्हणजे गल्लीतल्या कोणा डॉक्टरला घरी बोलावून कळांचे इंजेक्शन देणे. त्या औषधाने बाळ गुदमरू शकते, गर्भपिशवी फाटू शकते. ते दवाखान्यातच, ठोक्यांवर नजर ठेवून द्यायचे औषध आहे.

गाडीचे आधीच ठरवावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि गरोदर मातांना नेण्या-आणण्यासाठी १०२ आहे. फोनवर पत्ता सांगताना “बुद्धविहाराच्या मागे” एवढे पुरत नाही. मोठ्या रस्त्याचे नाव, बसथांबा, शाळा सांगावी. आपल्या बहुतेक गल्ल्यांत गाडी आत येत नाही. तेव्हा एक हाताची खुर्ची आणि दोन धडधाकट पोरे कोणती, हे आधीच सांगून ठेवावे. एक पोरगा रस्त्यावर गाडी थांबवायला उभा राहील. आशाताईचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही हवा.

कागद एका पिशवीत भरून दाराजवळ टांगावेत. तपासणीचे माता-बाल कार्ड, रक्तगट, सोनोग्राफीचे कागद, आधार, रेशनकार्ड, बायकोच्या नावाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स, जातीचा दाखला. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत आपल्या राज्यातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मातांसाठी ग्रामीण भागात ७०० व शहरात ६०० रुपये ठरवले गेले. रक्कम मोठी नाही, पण हक्काची आहे. पिशवीत मऊ, धुतलेले सुती कपडे आणि बाळासाठी टोपी घालावी.

रजेचे दुखणे वेगळेच. केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कंपनीत, ठेकेदाराकडे असा कायदाच नाही. तेव्हा सात-आठ महिने आधीपासून रजा राखून ठेवण्याशिवाय उपाय नाही. मुकादमाला, सुपरवायझरला महिनाभर आधी कल्पना देऊन ठेवावी आणि कामावर फोन बंद ठेवायची सक्ती असेल तर गेटवरचा नंबर बायकोजवळ द्यावा.

पहिले बाळंतपण माहेरी असेल तर नवऱ्याचे काम संपले असे नव्हे. सासऱ्यांना, मेव्हण्याला फोन करून वरच्या खुणा सांगाव्यात, पाण्याच्या रंगाचे तर नक्कीच. गावात गाडी कोणाची, रात्री उठतो का, विचारावे. गाडीभाड्याचे पैसे आधीच पाठवावेत. पैशांसाठी सासऱ्यांनी तास घालवू नये.

निघायला उशीर झाला आणि वाटेतच बाईला संडासला लागल्यासारखा आतून जोर येऊ लागला, डोके दिसू लागले, तर गाडी बाजूला घ्यावी. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. रिक्षात असाल तर फोन लावून तो सांगेल तसे करावे. बाळाला ओढू नये. बाहेर आले की कोरड्या कपड्याने पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून दोघांना झाकावे, आंघोळ घालू नये. नाळ ब्लेडने कापण्याची घाई नको, ती दवाखान्यात कापतील. वार ओढून काढू नये.

दवाखान्यात पोहोचलात की केसपेपरच्या खिडकीशी एकाने राहावे आणि कार्ड घेऊन नवऱ्याने थेट नर्सबाईंकडे जावे. कितवे बाळंतपण, किती आठवडे भरले, कळा केव्हापासून आणि किती मिनिटांनी, पाणी गेले का, किती वाजता, कोणत्या रंगाचे, लाल गेले का, बाळ शेवटचे केव्हा हलले, मागे सिझर झाले होते का, कोणती गोळी चालू आहे, शेवटचे केव्हा खाल्ले. दोन रकान्यांचा तो कागदही त्यांच्या हातात द्यावा. बाळंतपणाच्या खोलीत सोबतीला घरची एक बाई राहू देतात का, हेही तेथेच विचारावे. २०१६ साली केंद्राने सरकारी दवाखान्यांत अशी सोबत राहू द्यावी असे कळवलेले आहे. आणि रक्त लागू शकेल असे आधीच सांगितले असेल, तर रक्त द्यायला तयार असलेल्या दोन मित्रांना त्याच वेळी फोन करावा.